कच्च्या मसुद्यांवर उभा कोड : काही टिपणे

मार्च १९९९ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर ५ बाजारात आला. एक्सएमएल फाइल थेट ब्राउझरमध्ये उघडायची आणि एका स्टाइलशीटच्या जोरावर तिला वाचण्याजोग्या पानाचे रूप द्यायचे, ही सोय त्यात होती. ती स्टाइलशीट ज्या भाषेत लिहायची ती एक्सएसएल. डब्ल्यूथ्रीसीकडे तेव्हा तिचा फक्त मसुदा होता, डिसेंबर १९९८ चा, आणि मायक्रोसॉफ्टने तोच धरला. अंतिम शिफारस, एक्सएसएलटी १.०, आली १६ नोव्हेंबर १९९९ ला. तोवर निवडीची भाषा एक्सपाथ या नावाने वेगळी झाली होती. एक्स्प्लोररमधली क्रमवारी लावण्याची पद्धत आणि मध्येच स्क्रिप्ट चालवण्याची खूण मानकात नव्हती. लोकांनी मधल्या काळात लिहिलेल्या स्टाइलशीट त्या एका ब्राउझरबाहेर चालेनात. मायक्रोसॉफ्टच्या एमएसएक्सएमएल या घटकाच्या तिसऱ्या आवृत्तीने जुनी आणि नवी अशा दोन्ही भाषा सांभाळल्या. चौथीने जुनी टाकून दिली.

त्या प्रकरणात एक गोष्ट मात्र नीट झाली होती. जुन्या स्टाइलशीटच्या माथ्यावर नेमस्पेसचा जो पत्ता असे, त्यात ‘डब्ल्यूडी’ ही अक्षरे होती, म्हणजे वर्किंग ड्राफ्ट. मानकाचा पत्ता वेगळा होता. त्यामुळे कोणत्याही प्रोग्रामला सुरुवातीलाच कळे की समोरचा मजकूर कोणत्या भाषेतला आहे. लोकांचे काम वाढले, पण फसगत झाली नाही. मसुद्यावर कोड लिहिण्याचा धोका तोलताना मी हाच प्रश्न आधी विचारतो: हा मसुदा आहे, हे यंत्राला कळते का?

*

आयईटीएफच्या प्रत्येक मसुद्यावर छापलेले असते की तो फार तर सहा महिने वैध आहे, कधीही बदलेल किंवा बाद होईल, आणि ‘चालू काम’ याखेरीज कोणत्याही नात्याने त्याचा संदर्भ देऊ नये. डब्ल्यूथ्रीसीच्या मसुद्यांवरही त्याच अर्थाचा मजकूर असतो. इशारे प्रामाणिक आहेत. पण ते वाचतो तो कोड लिहिणारा. ज्याला पुढे त्रास होतो त्याने तो मसुदा कधी पाहिलेलाही नसतो. दुसऱ्या ब्राउझरमध्ये फॉर्म भरायला बसलेली बाई, दहा वर्षांनी नव्या कंपायलरवर जुना प्रोग्राम बांधू पाहणारा मुलगा, जुन्या सर्व्हरवरचा साठा नव्या सर्व्हरवर हलवणारा कर्मचारी. बिल त्यांच्या नावावर फाटते. मला या विषयात रस आहे तो त्यांच्यामुळे.

*

तरीही ‘मानक पूर्ण होईपर्यंत कोडला हात लावू नका’ हा सल्ला मला मान्य नाही. मानक पूर्ण होते तेच मुळी कोणीतरी ते आधी चालवून पाहिल्यामुळे. डब्ल्यूथ्रीसीमध्ये एखादा मसुदा शिफारशीच्या पायरीवर जायचा तर त्यातल्या गोष्टी प्रत्यक्षात, स्वतंत्रपणे बांधून दाखवाव्या लागतात. आयईटीएफच्या जुन्या तीन पायऱ्यांतल्या मधल्या पायरीसाठी एकमेकांशी नीट बोलणाऱ्या दोन स्वतंत्र अंमलबजावण्यांची अट होती.

ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात दुतर्फा संवाद चालू ठेवणाऱ्या वेबसॉकेटचेच घ्या. क्रोमने २०१० च्या सुरुवातीला ते आणले, त्याच वर्षी सफारीनेही. वर्ष संपता संपता संशोधकांनी दाखवून दिले की वाटेतल्या काही प्रॉक्सी यंत्रांना त्या मसुद्यातला हँडशेक समजत नाही, आणि त्याचा फायदा घेऊन त्यांच्या कॅशमध्ये घातक मजकूर पेरता येतो. डिसेंबर २०१० मध्ये फायरफॉक्स ४ ने आणि ऑपेराने ही सोय बंद करून ठेवली. मग मसुद्यात मास्किंग आले: ब्राउझरकडून निघणारा प्रत्येक संदेश दर वेळी नव्या, सांगता न येणाऱ्या किल्लीने झाकून पाठवायचा. डिसेंबर २०११ मध्ये आरएफसी ६४५५ प्रसिद्ध झाला तो ही दुरुस्ती घेऊन. लवकर बांधले म्हणून भोक लवकर सापडले, हे मोठे श्रेय आहे. पण जुना हँडशेक करणारे आयफोन लोकांच्या खिशात तसेच राहिले आणि सर्व्हर लिहिणाऱ्यांना बराच काळ दोन्ही बोली सांभाळाव्या लागल्या. जावास्क्रिप्टमध्ये दोन्हींचे नाव एकच होते. फायरफॉक्सने ऑगस्ट २०११ मध्ये ती सोय पुन्हा दिली तेव्हा नावापुढे ‘मॉझ’ जोडले, मानक झाल्यावर काढले. तेवढी काळजी सगळ्यांनी घ्यायला हवी होती.

*

‘मॉझ’वरून सीएसएसच्या उपसर्गांची मोठी गोष्ट आठवते. मनुष्याने वाचायची खूण आणि यंत्राने पाळायची खूण यांतला फरक तिथे सर्वांत स्वच्छ दिसतो.

योजना चांगली होती. मसुद्यातला एखादा गुणधर्म ब्राउझरमध्ये आणायचा तर त्याच्या नावाआधी ‘वेबकिट’, ‘मॉझ’, ‘एमएस’, ‘ओ’ असा उपसर्ग लावायचा. लेखकाला कळावे की हे कच्चे आहे, उद्या बदलेल. प्रत्यक्षात उपसर्ग लावलेले गुणधर्म कोणत्याही कुलपाशिवाय कोट्यवधी लोकांच्या ब्राउझरमध्ये चालू होते, आणि जे चालते ते लोक वापरतात. आयफोन आल्यावर (त्याचा ब्राउझर वेबकिट इंजिनावर चाले) मोबाइलसाठी पाने बनवणाऱ्यांनी फक्त ‘वेबकिट’चे रूप लिहिले. मानक रूप लिहिलेच नाही, कारण समोरच्या फोनवर पान सुंदर दिसत होते.

फेब्रुवारी २०१२ मध्ये सीएसएस कार्यगटाचे सहअध्यक्ष डॅनिएल ग्लाझमान यांनी जाहीर आवाहन केले: फक्त वेबकिटसाठी लिहू नका, सगळी रूपे लिहा. त्याच वर्षी ऑपेराने हार मानली आणि स्वतःच्या इंजिनात ‘वेबकिट’ उपसर्गाचे काही गुणधर्म ओळखायला सुरुवात केली. २०१३ मध्ये ऑपेराने स्वतःचे प्रेस्टो इंजिनच सोडून दिले. त्यामागे इतरही कारणे होती. सप्टेंबर २०१६ मध्ये फायरफॉक्स ४९ नेही ‘वेबकिट’ उपसर्ग स्वीकारले. आता तर यांतले बरेच ‘वेबकिट’ उपसर्ग ‘कम्पॅटिबिलिटी स्टँडर्ड’ नावाच्या वेगळ्या मानकात लिहून ठेवले आहेत. तात्पुरती खूण कायमची झाली.

याचा कळस म्हणजे मजकूर ठरावीक ओळींवर कापून पुढे तीन टिंबे देण्याचा गुणधर्म, ‘लाइन-क्लॅम्प’. तो वेबकिटमध्ये फ्लेक्सबॉक्सच्या अगदी पहिल्या, २००९ च्या मसुद्यातल्या ‘बॉक्स’ मांडणीवर बेतलेला होता. पुढे ती मांडणी मानकातून गेली. पण जगभरच्या बातम्यांच्या आणि दुकानांच्या पानांनी तो गुणधर्म इतका वापरला की जुलै २०१९ मध्ये फायरफॉक्स ६८ ला तो, त्याच जुन्या उपसर्गांसह आणि त्याच मेलेल्या मांडणीच्या नावासह, नव्याने बांधावा लागला. ज्या संघाने तो मसुदा नाकारून पुढचा स्वीकारला त्यालाच हे काम करावे लागले, याचे मला फार वाईट वाटते.

आणि नुसता उपसर्ग काढला की झाले, असेही नाही. ग्रेडियंटमध्ये उपसर्गाच्या रूपात शून्य अंश म्हणजे उजवीकडे, आणि कोन वाढतो घड्याळाच्या उलट दिशेने. मानकात शून्य अंश म्हणजे वर, आणि कोन वाढतो घड्याळाच्या दिशेने. उपसर्ग खोडला तर आडवा रंगपट्टा उभा होतो. फ्लेक्सबॉक्सची तीन रूपे झाली: २००९ चे ‘बॉक्स’, २०११ चे ‘फ्लेक्सबॉक्स’, २०१२ चे ‘फ्लेक्स’. इंटरनेट एक्स्प्लोरर १० ने मार्च २०१२ चा मसुदा पकडला. जागा कमी पडली तर घटकाने आकसावे का, या प्रश्नाचे त्यातले मूळ उत्तर ‘नाही’ होते. मानकात ते ‘हो’ झाले. अशी चूक दिसायला वेळ लागतो. कोड चालतो, एरर येत नाही, फक्त एखाद्या अरुंद पडद्यावर शेवटचे बटण कडेबाहेर जाते. वापरणारा माणूस ‘साइट बंद आहे’ म्हणून निघून जातो आणि आपल्याला ते कधी कळतही नाही.

*

शॅडो डॉम आणि कस्टम एलिमेंट्स यांची पहिली, ‘व्ही-शून्य’ म्हणून ओळखली जाणारी आवृत्ती क्रोमने २०१४ मध्ये सर्वांसाठी चालू केली. इतर ब्राउझरांनी ती घेतली नाही. चर्चेतून वेगळी ‘व्ही-एक’ तयार झाली. २०१७ मध्ये यूट्यूबचे नवे रूप आले ते व्ही-शून्यवर. इतर ब्राउझरांना तिची नक्कल करणारा जादा जावास्क्रिप्ट कोड ओढावा लागे. २०१८ मध्ये मोझिलातून जाहीर तक्रार झाली की फायरफॉक्स आणि एजमध्ये यूट्यूब क्रोमपेक्षा कितीतरी हळू उघडते. व्ही-शून्य क्रोममधून गेली फेब्रुवारी २०२० मध्ये. ब्राउझर बनवणारी आणि जगातली एवढी मोठी साइट चालवणारी कंपनी एकच असते, तेव्हा मसुद्यावर घाईने बांधण्याचा खर्च स्पर्धकाच्या ग्राहकावर पडतो. अशा कंपनीवर जबाबदारी इतरांहून जास्त आहे, असे मी मानतो.

*

वेब एसक्यूएल. ब्राउझरमध्ये डेटाबेस, तोही ओळखीच्या भाषेत. नोव्हेंबर २०१० मध्ये डब्ल्यूथ्रीसीने हे काम थांबवले. कारण असे: बांधणाऱ्या सगळ्यांनी आत एसक्यूलाइट हेच इंजिन बसवले होते, दुसरी स्वतंत्र अंमलबजावणी झालीच नाही. मसुद्यात तर सरळ लिहिले होते की बोलीभाषा एसक्यूलाइट ३.६.१९ ची धरावी. म्हणजे ते एका प्रोग्रामच्या एका आवृत्तीचे वर्णन झाले. फायरफॉक्सने ते कधीच घेतले नाही. तरी क्रोममधून ते पुरते जायला आणखी तेरा वर्षांहून जास्त काळ लागला, कारण त्यावर उभी असलेली पाने होती.

*

महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी आणि संगणकशास्त्राच्या प्रयोगशाळांत कितीतरी वर्षे सी++ शिकवली गेली ती टर्बो सी++ च्या निळ्या पडद्यावर. हा बोरलँडचा कंपायलर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचा. सी++ चे आयएसओ मानक आले १९९८ मध्ये. मधल्या काळात भाषेचा आधार म्हणजे एलिस आणि स्ट्रूस्ट्रुप यांचे १९९० चे टिपांसह संदर्भपुस्तक. समितीने तेच मूळ दस्तऐवज धरून काम सुरू केले आणि नंतर त्यात बरेच बदल केले.

त्यातला एक बदल दिसायला बारीक आहे. फॉर लूपच्या कंसात जाहीर केलेला ‘आय’ जुन्या नियमाने लूप संपल्यावरही जिवंत राही. नव्या नियमाने तो लूपबरोबर संपतो. त्यामुळे दोन्हीकडून अडचण: लूपनंतर ‘आय’ वापरणारा जुना प्रोग्राम नव्या कंपायलरवर अडतो, आणि एकाच फंक्शनमध्ये दोनदा ‘आय’ जाहीर करणारा नवा प्रोग्राम जुन्यावर अडतो. १९९८ चा व्हिज्युअल सी++ ६ हा कंपायलरही जुन्याच नियमाने चाले. दोन्हीकडे चालेल असा कोड लिहायचा म्हणून लोकांनी ‘फॉर’ या शब्दालाच मॅक्रो करून त्याच्याभोवती कधीच खरा न होणारा ‘इफ’ गुंडाळला. ही युक्ती जगभर पसरली. मायक्रोसॉफ्टने नवा नियम मूळचा म्हणून चालू केला तो २००५ च्या आवृत्तीपासून.

आपल्या मुलांना जास्त जाचलेली गोष्ट म्हणजे ‘आयओस्ट्रीम डॉट एच’. मानकात शेवटचे ‘डॉट एच’ गेले आणि सगळी नावे ‘एसटीडी’ या नेमस्पेसमध्ये गेली. जीसीसीने आधी बरीच वर्षे नुसता इशारा दिला. २००८ च्या ४.३ आवृत्तीत जुनी हेडर फाइलच काढून टाकली. वर्गात पूर्ण गुण मिळवणारा प्रोग्राम घरच्या लिनक्सवर पहिल्याच ओळीला अडकतो, आणि मुलगा समजतो की आपल्यालाच काही येत नाही. (‘कोनिओ’ आणि पडदा पुसण्याचे फंक्शन ही वेगळी बाब; ती बोरलँडची स्वतःची भर होती, मसुद्याशी तिचा संबंध नाही.)

टर्बो सी++ लिहिणाऱ्यांना मी दोष देत नाही. मानक नव्हतेच तर ते काय पाळणार? ज्या अभ्यासक्रमांनी मानक आल्यावरही तोच कंपायलर प्रयोगशाळेत ठेवला त्यांनी त्या मुलांचे नुकसान केले. तिथे नेमस्पेस नव्हते, ‘बूल’ नव्हता, स्टँडर्ड टेम्प्लेट लायब्ररी नव्हती. भाषेचा जो भाग कामावर सर्वांत जास्त लागतो तोच त्यांना परका राहिला.

*

एका सेवेच्या खात्यात दुसऱ्या ॲपला टोकन देऊन प्रवेश देणाऱ्या ओऑथ २.० चा आरएफसी ६७४९ ऑक्टोबर २०१२ चा. फेसबुकने २०१० मध्येच मसुदा उचलला होता. मानक सांगते की टोकन जेसनमध्ये द्यावे. फेसबुक मानकानंतरही काही वर्षे ते फॉर्मच्या जुन्या धाटणीत देत राहिले. पायथनमधल्या रिक्वेस्ट्स-ओऑथलिब या लायब्ररीत अशा सेवांसाठी ‘कम्प्लायन्स फिक्सेस’ नावाचा स्वतंत्र कप्पाच आहे. एकाने केलेली घाई प्रत्येक लायब्ररी लिहिणाऱ्याने वेगवेगळी भरून काढायची, असा त्याचा अर्थ.

*

आता ज्यांनी हे नीट केले त्यांच्याविषयी.

टीएलएस १.३ ला २८ मसुदे लागले. आरएफसी ८४४६ ऑगस्ट २०१८ मध्ये आला. प्रत्येक मसुद्याचा आवृत्तिक्रमांक वेगळा होता आणि तो संदेशातच जाई: पहिला बाइट ‘७एफ’, दुसरा मसुद्याचा क्रमांक. अठराव्या मसुद्यावर बांधलेला सर्व्हर आणि अठ्ठाविसाव्यावर बांधलेला ब्राउझर यांची गैरसमजातून गाठ पडणे शक्यच नव्हते. एक तर दोघे जुन्या १.२ वर उतरत, नाहीतर संपर्क होत नसे. मोठ्या सेवांनी खऱ्या वाहतुकीवर मसुदे चालवून पाहिले, आणि मानक आल्यावर मसुद्यांचे क्रमांक हळूहळू ओळखेनासे केले.

जावाची पद्धत मला याहून जास्त आवडते. २०१९ पासून भाषेतली अपुरी वैशिष्ट्ये ‘प्रिव्ह्यू’ म्हणून येतात. ती वापरायची तर कंपाइल करताना आणि चालवताना, दोन्ही वेळा मुद्दाम परवानगी द्यावी लागते. तयार झालेल्या क्लास फाइलच्या दुय्यम आवृत्तीच्या जागी ६५५३५ हा आकडा बसतो, आणि ती फाइल फक्त त्याच जावा आवृत्तीवर चालते. जावा २१ च्या प्रिव्ह्यूची फाइल जावा २२ नाकारते. सप्टेंबर २०२३ मध्ये स्ट्रिंग टेम्प्लेट अशीच आली, मार्च २०२४ मध्ये पुन्हा आली, आणि सप्टेंबर २०२४ च्या जावा २३ मधून काढून घेतली गेली, कारण रचना मनासारखी जमली नाही असे करणाऱ्यांनाच वाटले. एवढी मोठी भाषा, एवढे वापरणारे, आणि तरी माघार घेता आली. सीएसएसच्या उपसर्गांना हे जमले नाही, कारण त्यांना संपण्याची तारीख नव्हती.

रस्टच्या स्थिर कंपायलरला अपुऱ्या वैशिष्ट्याचे नाव दिले तर तो सरळ नकार देतो. त्यासाठी रोज रात्री बनणारी वेगळी आवृत्ती घ्यावी लागते. पळवाट आहे: एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावले की स्थिर कंपायलरही ती वैशिष्ट्ये स्वीकारतो. लिनक्स कर्नलने तीच वापरली. पण कोणकोणत्या अपुऱ्या गोष्टींवर आपण उभे आहोत याची यादी त्यांनी उघड ठेवली आणि ती कमी करण्याचे काम चालू ठेवले. अशा पळवाटेला माझी हरकत नाही.

क्रोमनेही उपसर्गांवरून धडा घेतला. २०१६ पासून तिथे ‘ओरिजिन ट्रायल’ आहे. साइटने नाव नोंदवायचे, मुदतीचे टोकन घ्यायचे, मुदत संपली की सोय बंद. आणि क्रोममध्ये उघडणाऱ्या एकूण पानांपैकी अर्ध्या टक्क्याहून जास्त पानांवर ती वापरली जाऊ लागली तर ती आपोआप बंद होते. हा दुसरा नियम फार शहाणपणाचा आहे. वापर वाढला की काढून घेणे अशक्य होते, म्हणून वाढूच द्यायचा नाही.

*

वाय-फायमध्येही ‘ड्राफ्ट-एन’ राउटर विकले गेले. वाय-फाय अलायन्सने जून २००७ पासून मसुदा २.० वर प्रमाणपत्रे दिली, ८०२.११एन ला मंजुरी मिळाली सप्टेंबर २००९ मध्ये. फारसे बिघडले नाही, कारण सगळ्यांनी एकच मसुदा धरला होता आणि चाचणी एकाच जागी होत होती.

*

टाइपस्क्रिप्टमधल्या डेकोरेटरांवर मात्र माझे मन अजून दुभंगलेले आहे. २०१५ च्या १.५ आवृत्तीत ते आले. खूण होती: चालू करायच्या पर्यायाच्या नावातच ‘एक्स्पेरिमेंटल’ हा शब्द होता. पण २०१६ मध्ये अँग्युलर २ त्यावर उभे राहिले, पुढे नेस्ट आले, आणि तो ‘एक्स्पेरिमेंटल’ पर्याय लक्षावधी प्रकल्पांच्या पहिल्याच फाइलमध्ये जाऊन बसला. जावास्क्रिप्टच्या टीसी३९ समितीत रचना अनेकदा बदलली. तिसरा टप्पा गाठला मार्च २०२२ मध्ये, आणि मार्च २०२३ च्या टाइपस्क्रिप्ट ५.० ने नवे डेकोरेटर दिले. जुने आणि नवे लिहिताना सारखेच दिसतात, तेच चिन्ह, तीच जागा. आत बोलावले जाणारे फंक्शन मात्र वेगळ्या आर्ग्युमेंटांनी बोलावले जाते. पॅरामीटरवर लावायचा डेकोरेटर, ज्यावर डिपेंडन्सी इंजेक्शनचा मोठा भाग चालतो, या नव्या रचनेत नाहीच.

अँग्युलर लिहिणाऱ्यांना त्या सोयीची खरी गरज होती, हे मी जाणतो. पण स्लॅबचे सेंटरिंग निघण्याआधी वर मजला चढवला गेला आणि खालच्या माणसांना आता ते काढताच येत नाही.

*

काम करणाऱ्यांसाठी दोन-चार गोष्टी, ज्यांचा मी माझ्या संघात आग्रह धरतो.

मसुद्यावर कोड लिहिला तर त्या फाइलच्या डोक्यावर मसुद्याचे नाव आणि तारीख लिहा. ‘ताजा मसुदा’ असे लिहू नका, तो बदलतो. मसुद्याशी बोलणारा कोड एकाच मॉड्यूलमध्ये ठेवा, बाकीच्या प्रोग्रामला तुमच्याच फंक्शनमधून जाऊ द्या. उद्या मानक आले तर एकाच जागी हात लावावा लागेल. ब्राउझरचे नाव विचारून निर्णय घेऊ नका, वैशिष्ट्य आहे का ते विचारा, आणि ते कसे वागते याची एक लहान चाचणी ठेवा, कारण नाव तेच ठेवून वागणूक बदलते. दुसरी स्वतंत्र अंमलबजावणी अस्तित्वात नसेल तर ते वैशिष्ट्य ग्राहकाच्या हाती जाणाऱ्या मालात घालू नका. आणि डिस्कवर कायम राहणारा मजकूर मसुद्याच्या स्वरूपात साठवू नका. प्रोग्राम पुन्हा लिहिता येतो. लोकांनी वर्षानुवर्षे साठवलेला मजकूर दुरुस्त करायला कोणी बसत नाही.

*

या शेवटच्या गोष्टीचा अनुभव आपण मराठी लिहिणारे रोज घेतो.

युनिकोडचा देवनागरी विभाग इस्की या भारतीय लिप्यांच्या संकेतप्रणालीच्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतला. युनिकोड १.० बाहेर पडत असतानाच, १९९१ मध्ये, भारतीय मानक ब्यूरोने इस्कीची नवी आवृत्ती आयएस १३१९४ म्हणून प्रसिद्ध केली आणि तिच्यात मांडणी थोडी बदलली होती. युनिकोड जुन्या मांडणीवरच राहिले. अक्षरे एकदा ठरल्यावर हलवायची नाहीत हा निर्बंधही पुढे आला, आणि त्याला कारण झाले कोरियन. युनिकोड १.१ मध्ये हंगुलची ६,६५६ अक्षरे होती. जुलै १९९६ च्या २.० मध्ये ती सगळी नव्या जागी नेऊन ११,१७२ केली. आधी साठवलेला कोरियन मजकूर त्यामुळे निरर्थक झाला. पुन्हा असे करायचे नाही, असे त्यानंतर ठरले. निर्णय योग्य होता, पण त्यामुळे अपुरेपणही गोठले.

‘ॲ’ पाहा. मराठीचा हा स्वर स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये आला तो एप्रिल २००८ च्या ५.१ आवृत्तीत. मराठी विकिपीडिया तर २००३ मध्येच सुरू झाला होता. वर्तमानपत्रांची संकेतस्थळे होती, लोकांची पत्रे होती. ‘ॲ’ नव्हता तेव्हा लोकांनी हाताशी होते त्यावर भागवले. कोणी ‘अ’ लिहून वर चंद्र दिला, कोणी दोहोंच्या मध्ये न दिसणारा जोडक घातला, कोणी हिंदीचा ‘ऍ’ घेतला. आज ‘ॲप’ हा शब्द चार तऱ्हांनी साठवलेला सापडतो. अक्षर डोळ्याला जवळपास सारखेच दिसते. यंत्राला ते चार वेगळे शब्द आहेत. युनिकोडचे नॉर्मलायझेशन त्यांना एकत्र आणत नाही, आणि स्थैर्याच्या वचनामुळे पुढेही आणणार नाही. त्यातच काही नवी मांडणी-इंजिने ‘अ’वर चंद्र हा जोड चुकीचा धरून मध्ये टिंबांचे वर्तुळ दाखवतात. म्हणजे ज्याने पंचवीस वर्षांपूर्वी मराठीत लिहिण्याचे कष्ट घेतले, त्याचाच मजकूर आज फुटका दिसतो.

‘वऱ्हाड’, ‘दऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला अर्धा र हे दुसरे उदाहरण. युनिकोड २.० च्या पद्धतीने तो र, हलन्त आणि जोडक असा लिहायचा. नंतर ‘ऱ’ आणि हलन्त ही पद्धत आली, आणि जुनी सुसंगतीसाठी ठेवली गेली. दोन्ही पद्धतींचा मजकूर आज सर्वत्र मिसळलेला आहे. इथे धोका जास्त आहे. न दिसणारी चिन्हे निरुपयोगी समजून गाळून टाकण्याची सवय अनेक प्रोग्रामना असते. जुन्या पद्धतीच्या ‘दऱ्या’मधला जोडक गेला की उरतो ‘दर्या’. डोंगरातली दरी समुद्र होऊन बसते, आणि कुठेही एरर येत नाही.

मराठी शब्दकोश, ग्रंथालयाची सूची, वर्तमानपत्राचा जुना संग्रह किंवा नावांची कोणतीही यादी सांभाळणाऱ्यांना माझी विनंती आहे. मूळ मजकुराला हात लावू नका. शोधाचा निर्देशांक बनवताना मात्र ‘अ’वर चंद्र, मधल्या जोडकासह तोच जोड आणि ‘ऍ’ ही तिन्ही रूपे ‘ॲ’ मध्ये आणा. र, हलन्त आणि जोडक हे रूप ‘ऱ’ आणि हलन्त यांत आणा. आणि हे झाल्यावरच उरलेले जोडक गाळा. क्रम चुकवू नका. हाच बदल वाचकाने शोधचौकटीत टाइप केलेल्या शब्दालाही लावा. कोड जेमतेम काही ओळींचा आहे, आणि तो आजच लिहिता येईल.